फुलपाखरं हवीत, पण अळी नको आणि तण तर नकोच?

मातीचे_हात:
बागेत फुलपाखरं यावीत म्हणून लोक झिनिया लावतात, पेंटास लावतात, उथळ थाळीत पाणी ठेवतात, आणि मग सुट्टी आली की खुरपं घेऊन जमिनीलगतचं सगळं हिरवं खरवडून टाकतात. वर प्रश्न, की फुलपाखरं येतात आणि जातात, राहत का नाहीत? राहतील कशी? जेवायला या, बाळंतपणाला दुसरीकडे जा, असाच कारभार आहे हा. फुलातला मध मोठ्या फुलपाखराला लागतो आणि त्यात ती फार चोखंदळ नसतात, पण अळीचं तसं नाही, तिला ठरलेल्याच झाडांचं पान लागतं, ते नाही मिळालं तर उपाशी मरेल पण दुसऱ्याला बहुतेक तोंड लावणार नाही. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी टपटप मारून पानाची चव बघते (हो, चव पायांनी कळते त्यांना) आणि पटलं तरच अंडं घालते. आणि ही ठरलेली झाडं बऱ्याच जातींसाठी कुठली, तर आपण उपटून फेकतो तीच. आंबुशी, घोळ, टाकळा, चिकणा, रुई, साधं गवत.

माझं म्हणणं एवढंच की बागेचा एक कोपरा तरी खुरप्यापासून वाचवा. पटत नसेल तर कारणं द्या, नुसतं "साप येतील" नको.

खुरपंवाली:
साप येतील. घ्या, लिहून टाकलं.

आता मुद्द्याचं. सगळं तण एका पोत्यात भरू नका हो. गाजर गवत पण तणच ना? त्यावर कुठल्या फुलपाखराची अळी जगते ते सांगा. परागांनी लोकांना सर्दी-दम्याचा त्रास, हात लागला तर कातडीची वाट, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते आवरायला मेक्सिकोतून भुंगे आणून सोडावे लागले. तीच गत घाणेरीची. फुलांवर फुलपाखरं बसली की लोक फोटो काढत सुटतात, पण तिच्या जाळीखाली दुसरं रोप डोकं वर काढत नाही आणि आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्यांना तिचा जवळजवळ शून्य उपयोग. "तण राहू द्या" असं वाचून दहातले आठ जण हीच दोन राहू देणार, कारण हीच सगळ्यात जोरात वाढतात.

मातीचे_हात:
ताई, गाजर गवत ठेवा असं मी कुठे म्हटलंय? ते फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट काढा, त्यात वाद नाही. मी नावं देऊन लिहिलंय.

शेंडेखुडू:
मला या वादात मुळात तणाची गरजच कळत नाही. होस्ट प्लांट, म्हणजे अळीचं खायचं झाड, लागतं ना, मग लावा की! कडीपत्ता लावला तर कॉमन मॉर्मन येतं, लिंबावर लाइम बटरफ्लाय, कण्हेरीवर कॉमन क्रो, बहाव्यावर एमिग्रंट, ईश्वरीची वेल चढवली तर क्रिमझन रोझ. हे सगळं नीट, कापलेलं, दिसायला छान राहतं आणि शेजारी पण तक्रार करत नाहीत. अळ्यांनी पानं खाल्ली तर खाल्ली, झाड परत फुटतं. उगाच रान माजवून त्याला निसर्गप्रेम म्हणायचं हे मला आळसाचं समर्थन वाटतं, स्पष्टच बोलतो.

पानामागे:
शेंडेखुडू, तुमची यादी बरोबर आहे पण बघा त्यात सगळी मोठी, भडक, फोटोत छान येणारी फुलपाखरं आहेत. बारक्यांचं काय? आंबुशीवर पेल ग्रास ब्लू असतं, नखाएवढं, निळसर राखाडी, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर उडतं त्यामुळे निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. त्याची अळी हिरवी चपटी, पानाच्या रंगात अशी मिसळते की आधी मुंगी दिसते आणि मग मुंगी कुणाच्या मागे लागलीये ते बघितलं की अळी सापडते, कारण तिच्या अंगातून गोड स्राव येतो आणि मुंग्या तो चाटायला येतात. पानाचा मऊ गर तेवढा खाते, वरचा पापुद्रा तसाच. आंबुशी विकत आणून कोण लावतं सांगा? ती एकतर ठेवायची नाहीतर उपटायची, तिसरा पर्याय नाही. ग्रास यलोची टाकळ्याबरोबर तीच गोष्ट, आणि ब्राउन गटातली तर कितीतरी नुसत्या गवतावर वाढतात.

अजून एक मजा सांगतो. रुईवर प्लेन टायगर वाढतं, रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी एकदा चाखलं की परत त्या केशरी पंखांच्या वाटेला जात नाहीत. या कुळातल्या अळ्या पान खायच्या आधी शीर किंवा देठ कुरतडतात, चीक गळून जाऊ देतात आणि मग पुढचं पान निवांत खातात, नाहीतर तोंडच चिकटून बसेल. आता घोळीवर वाढणारं डॅनेड एगफ्लाय बघा, त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, स्वतःत विष नाही पण सोंग घेऊन वाचते. हे सोंग चालायला आसपास खरं प्लेन टायगर पाहिजे. म्हणजे रुई उपटली तर घोळीवरच्या फुलपाखराचं पण नुकसान. हे असलं काही कुंड्या मोजून लावलेल्या बागेत जमवून दाखवा.

विनाकारण_विरोधी:
वाचायला छान वाटतं सगळं. पण कुणी मोजून बघितलंय का? इंग्लंडात शेफील्डमध्ये बघितलंय. तिथे खाजकुइलीसारखं झोंबणारं नेटल नावाचं तण आहे, पीकॉक, स्मॉल टॉर्टॉइजशेल वगैरे फुलपाखरांच्या अळ्या त्यावर वाढतात, म्हणून सगळे सांगायचे की बागेत नेटल ठेवा. संशोधकांनी खरोखरच्या घरगुती बागांत नेटलचे तुकडे लावून पाहिले आणि अळ्या काही आल्या नाहीत, २००५ साली ते छापून आलंय. दुसरं, जेनिफर ओवेन बाईंनी लेस्टरमधल्या आपल्या साध्या बागेत १९७२ पासून ३० वर्षं नोंदी केल्या आणि २,६७३ जाती मिळाल्या. ती बाग काही रान नव्हती, फुलं, भाज्या, हिरवळ असलेली नेहमीसारखी बाग, फक्त औषधं मारत नव्हत्या. माझा निष्कर्ष, स्प्रे बंद करा, खुरपं चालू ठेवा.

पानामागे:
स्प्रेबद्दल शंभर टक्के सहमत. पण शेफील्डचं उदाहरण आमच्यावर कसं उलटतं? नेटलवरची ती फुलपाखरं पुंजक्याने अंडी घालतात, त्यांना उन्हात असलेला मोठा ताटवा लागतो, बागेतल्या छोट्या तुकड्याकडे ती ढुंकून बघत नाहीत. ग्रास ब्लू एकेक अंडं घालतं, त्याला ओंजळभर आंबुशी पुरते. आणि ब्रिटनचंच घ्यायचं तर ताजं पण घ्या, सहाशेच्या वर बागांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये आलंय की गवत लांब वाढू दिलेल्या बागांत फुलपाखरं जास्त दिसली, शेतांनी वेढलेल्या भागात ९३ टक्क्यांपर्यंत, शहरात १८.

विनाकारण_विरोधी:
शहरात १८. बागा बहुतेकांच्या शहरात आहेत साहेब.

पानामागे:
१८ म्हणजे शून्य नव्हे. आणि शेताशेजारी आकडा एवढा का चढला त्याचा विचार करा, कारण बाहेर काही उरलेलंच नाही. अमेरिकेत मोनार्क नावाच्या फुलपाखराचं हेच झालं. मका-सोयाबीनच्या शेतांत मिल्कवीड, त्याच्या अळीचं झाड, तण म्हणून वाढायचं, १९९६ पासून तणनाशक सोसणारी वाणं आली, शेतं साफ झाली आणि मोनार्कच्या पिल्लावळीचं खाणं गेलं. कारणं बाकीची पण आहेत, जंगलतोड, हवामान, पण हे त्यातलं मोठं. २०२२ ला आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला धोक्यात म्हणून यादीत टाकलं.

विनाकारण_विरोधी:
आणि २०२३ ला एक पायरी खाली आणलं, ते सांगायचं राहिलं वाटतं.

पानामागे:
खाली म्हणजे "असुरक्षित" मध्ये. मजेत आहे असं कुणी म्हटलेलं नाही.

अंगणातला_मुंगळा:
मध्येच तोंड घालतो. स्प्रेचा विषय निघालाच आहे तर, "ऑर्गेनिक" लिहिलं की लोक डोळे मिटून मारतात. बीटी नावाचं जे जिवाणूंचं औषध मिळतं ते अळ्या मारायलाच असतं, कोबीवरची अळी आणि प्लेन टायगरची अळी यात ते फरक करत नाही. वाऱ्याने बाजूच्या रुईवर उडालं तरी कार्यक्रम आटोपला. आणि वाळक्या काड्या पण लगेच उपटू नका, बऱ्याच अळ्या खाऊन झालं की झाड सोडून लांब जाऊन कोष करतात, कुंपणाला, काडीला, कुंडीच्या काठाखाली. तण वाचवलं आणि काड्या जाळल्या तर काय उपयोग.

खुरपंवाली:
हाच माझा खरा आक्षेप आहे, कुणी मांडला नाही म्हणून मांडते. लोक महिनाभर हौसेने वाढू देतात, फुलपाखरं अंडी घालून जातात, मग घरात पाहुणे येणार असतात किंवा कुणीतरी बोलतं आणि एका सकाळी सगळं सपाट. म्हणजे तुम्ही बोलावून मारलंत. त्यापेक्षा पहिल्यापासून साफ ठेवलं असतं तर मादी दुसरीकडे गेली असती. ज्याला सलग सांभाळायचं नाही त्याने हा उद्योग करूच नये.

मातीचे_हात:
हे मात्र बरोबर बोललात. म्हणून कोपरा ठरवून घ्या म्हणतो, सगळी बाग नको. आणि कापायचंच झालं तर एकदम नको, अर्धं आज, अर्धं महिन्याने. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात बहुतेक उडून जातात. कापायच्या आधी पानं उलटी करून बघायची, पाच मिनिटांचं काम आहे.

शेंडेखुडू:
पाच मिनिटं म्हणे. आंबुशीचं एकेक पान उलटं करून बघा मग बोलू.

खुरपंवाली:
मी रुई ठेवीन, आंबुशी कुंड्यांच्या बुडाशी ठेवीन, घोळ पण चालेल. टाकळा शेंगा धरायच्या आत निघणार, बी पडलं की पुढच्या पावसात वाफ्यात दुसरं काही उगवत नाही.

मातीचे_हात:
टाकळ्याच्या दोन-चार झाडांना शेंगा धरू द्या की, बाकीची काढा. पुढच्या वर्षी ग्रास यलो कशावर येणार?

खुरपंवाली:
दोन. चार नाही.