मदत हवी आहे: झीलाटेकमध्ये 'ॲ' गायब

मंडळी, गावच्या वाचनालयाची स्मरणिका झीलाटेकमध्ये (पानं जुळवायचा प्रोग्रॅम) लावते आहे. (वर्डमध्ये का नाही, हे विचारू नका. घरात रोज ऐकते.) मजकूर पाच-सहा जणांनी टाइप करून पाठवलाय, कुणी मोबाइलवर, कुणी संगणकावर. जोडाक्षरं, रफार, 'तऱ्हा'मधला ऱ्ह, सगळं नीट येतं. घोडं अडलंय ते 'ॲ'पाशी.

देणगीदारांच्या यादीत 'ॲड.' असायला हवं तिथे रिकामी चौकट आणि पुढे नुसता 'ड.'. रुग्णवाहिकेच्या लेखात 'ॲम्ब्युलन्स' शब्दात मात्र चौकट नाही. तिथे 'अ', मग ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर चंद्र. तीच यादी, तोच फॉन्ट लिब्रेऑफिसमध्ये घेतला की 'ॲड.' व्यवस्थित! फॉन्ट युनिकोडच आहे, पण २००७च्या सुमाराचा, सीडीवरून घेतलेला. स्क्रिप्ट देवनागरी दिली आहे. टेकलाइव्ह (झीलाटेक ज्या संचातून येतं तो) दोनदा काढून बसवलं. सोमवारी छापखान्यात द्यायचंय, आणि आमच्या गावात वकील फार.

प्रतिसाद १
'ऍ' टाकून बघा. तो जुन्या फॉन्टांतही असतो.

प्रतिसाद २
नको हो! तो 'ए'वरचा चंद्र, हिंदीतला. मुद्रितशोधक परत पाठवेल.

ताई, तुमचे दोष दोन आहेत, कारणंही वेगळी. 'ॲ'ला स्वतंत्र जागा (यू+०९७२) मिळाली ती युनिकोड ५.१मध्ये, २००८ साली. तुमचा फॉन्ट त्याआधीचा, मग त्यात हे अक्षर असणार कुठून? लिब्रेऑफिस अशा वेळी गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून अक्षर उसनं आणतं. झीलाटेक आणत नाही, लॉगमध्ये (कामाच्या नोंदींच्या फाइलीत) 'मिसिंग कॅरेक्टर' अशी ओळ लिहून पुढे जातं. लॉग कोण वाचतो म्हणा! ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या सेटिंगची किंमत ३ ठेवा. टेकलाइव्ह २०२१पासून अक्षर सापडलं नाही की ते सरळ एरर देतं. फॉन्ट बदला. आयआयटी मुंबईचा शोभिका मोफत आहे, साधा आणि ठळक दोन्ही.

वर्तुळ मात्र फॉन्ट बदलूनही जाणार नाही. तिथे कुणीतरी 'अ' टाइप करून त्यावर वेगळा चंद्र (यू+०९४५) दिलाय. अक्षरजोडणी करणारं हार्फबझ ही जोडी चुकीची मानतं आणि मध्ये वर्तुळ घालतं. लेखातली ती जोडी कॉपी करून 'शोधा'त चिकटवा आणि सगळीकडे एकसंध 'ॲ' घाला. हाताने शोधू नका, काही फॉन्टांत दोन्ही हुबेहूब दिसतात.

प्रश्नकर्ती
झालं! जोडीवाले ४१ निघाले, बहुतेक एकाच काकांच्या लेखात. चौकट एकही उरली नाही, वकील मंडळी सुखरूप. फक्त नव्या फॉन्टात ६४ पानांची ६७ झाली, आणि छापखान्याला चारच्या पटीत हवीत. एका पानाची जाहिरात शोधते आता.