मॅगमीटरचं (विद्युतचुंबकीय प्रवाहमापकाचं) रीडिंग नाचतंय: आधी अर्थिंग की आधी पाइप?

तुर्भेकर: चेंबूर-माहुल असो की तुर्भे-तळोजा, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) आउटलेटचा मॅगमीटर नाचायला लागला की लोकांकडे एकच उपाय: डॅम्पिंग (रीडिंगची सरासरी काढायचा वेळ) ३० सेकंद करा, नाही जमलं तर नवा ट्रान्समीटर (सेन्सरच्या सिग्नलवरून आकडा दाखवणारा भाग) मागवा. माझं मत मात्र ठाम आहे, आधी अर्थिंग. एचडीपीई किंवा एफआरपीचा (प्लास्टिकचा) किंवा आतून रबर लायनिंगचा एमएस (लोखंडी) पाइप असेल तर पाण्याला जमिनीचा संदर्भच मिळत नाही. मीटरच्या दोन्ही फ्लॅंजना ग्राउंडिंग रिंग (पाण्याला टेकणारी, अर्थ केलेली धातूची कडी) हवी, नाहीतर सेन्सरमध्ये ग्राउंड इलेक्ट्रोड. वाहत्या पाण्यातून इलेक्ट्रोडला मिळणारा सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टच्या घरातला. शेजारच्या केबल ट्रेमधून व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल गेली की संपलं.

पाइपवाला: अर्थिंगचं पालुपद पुरे. आउटलेट मीटरनंतर लगेच नाल्यात मोकळं सुटतं, म्हणजे पाइप भरतच नाही. मीटर वेग मोजतो आणि पूर्ण भरलेल्या पाइपच्या क्षेत्रफळाने गुणतो. अर्धवट पाइपमध्ये इलेक्ट्रोड भिजलेले असले तरी आकडा फुगतोच. मीटरनंतर लाइन वर उचला, किंवा मीटर उभ्या चढत्या लाइनवर घ्या. आडव्या लाइनवर इलेक्ट्रोड घड्याळाच्या ३ आणि ९ वाजताच्या जागी, म्हणजे दोन्ही बाजूंना. १२ ला हवा बसते, ६ ला गाळ. निदान सोपं आहे: पाइप भरलेला ठेवून पंप थांबवा, दोन्हीकडचे वॉल्व्ह बंद करा. शून्य स्थिर राहिलं तर दोष पाइपिंगचा.

तुर्भेकर: अहो, पंप थांबवला की त्याचा व्हीएफडीही थांबला! नॉईजचा उगमच गेल्यावर शून्य शांत दिसणारच. पंप रीसर्क्युलेशनवर (पाणी परत टाकीत फिरवत) चालू ठेवा, फक्त मीटरची लाइन बंद करा. मग बघू.

पाइपवाला: हे मान्य. रीसर्क्युलेशन नसेल तर निदान शेजारचे व्हीएफडी चालू ठेवून तरी बघा.

शिफ्ट_बी: दोघेही पाऊस विसरलात. रिमोट सेन्सर (ट्रान्समीटरपासून वेगळा बसवलेला) खड्ड्यात, जुलैमध्ये खड्डा तुंबलेला, केबलची ग्लॅंड सैल, जेबीत (केबल जोडणीच्या डब्यात) पाणी. ट्रान्समीटरची केबल सोडवा आणि मगच मोजा. सेन्सरमधल्या चुंबकीय कॉइलचा रेझिस्टन्स मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा, कॉइल ते बॉडी मेगर (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा. इलेक्ट्रोडच्या टर्मिनलला मेगर अजिबात नाही! भरलेल्या पाइपात प्रत्येक इलेक्ट्रोड ते ग्राउंड रेझिस्टन्स मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत म्हणजे एकावर थर चढलाय, नाहीतर ओल शिरलीय. साध्या मल्टिमीटरच्या डीसीने इलेक्ट्रोड पोलराइज होतो, आकडा सरकत जातो. एसीवर मोजणारा एलसीआर मीटर असेल तर उत्तम. जेबी कोरडा झाला की पॉटिंग कंपाउंड (ओतल्यावर घट्ट होऊन ओल अडवणारा मसाला) भरा, सिलिकॉन थापून भागत नाही.

पाइपवाला: ओल असेल तर पावसाळ्यातच नाचेल. बाराही महिने नाचणारा मीटर तुमच्या यादीत बसत नाही.

तुर्भेकर: डीएम (क्षार काढलेल्या पाण्याची) लाइन असेल तर वेगळी गोष्ट. ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेमीखालच्या कंडक्टिव्हिटीला (विद्युतवाहकतेला) साधा मॅगमीटर चालतच नाही, तिथे रिंगा घालून काही होणार नाही.

शिफ्ट_बी: ईटीपीवर तो प्रश्नच नाही. पण कॉस्टिकचा (कॉस्टिक सोड्याचा) डोसिंग पॉइंट मीटरच्या आधी आहे का, हे कुणी विचारलं? नीट मिसळलं नाही तर कंडक्टिव्हिटी क्षणाक्षणाला बदलते आणि रीडिंग उड्या मारतं. तो पॉइंट मीटरच्या नंतर न्या.