चोडणचं पक्षी अभयारण्य: हे रान म्हणायचं की बुडालेली शेतं?

मेर्शीची_सून

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सासरे, मी आणि सात वर्षांची लेक असे गोव्यातल्या रायबंदरहून फेरीने मांडवी नदीतल्या चोडण बेटावर गेलो होतो, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला. आधी घरात डोसे, मग वाटेत पेट्रोल. धक्क्यावर पोचेपर्यंत साडेअकरा. आत जाऊन बघतो तर दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि त्यात कंबरेपर्यंत बुडालेली झाडं. पक्षी म्हणाल तर एक बगळा, तोही पाठमोरा. पंधरा मिनिटांत परत.

फेरीत सासरे म्हणाले, "ह्याला रान म्हणतात होय? लोकांनी भात लावायचं सोडलं, बांध फुटले आणि तिवरं, ही खारफुटीची झाडं, माजली. बुडालेली शेतं ही." मी साखळीकडची. आमच्याकडे रान म्हणजे किंदळ-माटाची मोठाली झाडं आणि रस्त्यात आडवा येणारा गवा. तेव्हा मलाही ते पटलं. पण मग सरकारने ह्याचं अभयारण्य का केलं? हे किती जुनं आहे? आणि पोरीला परत न्यायचं तर केव्हा न्यावं की काहीतरी दिसेल?

दुर्बीणवाला_पर्वरी

साडेअकरा ही पक्षी बघायची वेळ नव्हे, ताई. सकाळी सातला आत असायला हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेव्हा बाहेरून आलेले तुतवार वगैरे चिखलात चरत असतात. खंड्या तर इतक्या प्रकारचे आहेत की नवखा माणूस गोंधळतो. काळ्या डोक्याचा जांभळा खंड्या दिसला तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं. ब्राह्मणी घारी वर्षभर असतात. नशीब जोरावर असेल तर पाणमांजरांचं कुटुंब दिसतं, निदान त्यांच्या पायांचे ठसे तरी. दुर्बीण न्या, भडक कपडे नकोत.

आणि सासऱ्यांना सांगा, ती बुडालेली शेतं वगैरे नाहीत. खारफुटीचं प्राचीन जंगल आहे ते, हजारो वर्षांचं.

फेरीवरचा_चोडणकार

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी चोडणचा. १९८४ साली फेरीवर लागलो तो २०१५ ला निवृत्त झालो. ३१ वर्षं तेच पाणी, तेच दोन धक्के. शिकलेला फारसा नाही, पण ह्या तिवरांची मला माहिती आहे.

बाये, आधी तुझ्या वेळेचं सांगतो. साडेअकराला पाणी कंबरेला होतं म्हणतेस, म्हणजे त्या दिवशी पुनव नाहीतर अमावस्या असणार. कॅलेंडर काढून बघ. आमचा जुना हिशेब सोपा: तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. चतुर्थीला तीन. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मोबाईल नव्हता तेव्हा आम्ही ह्यावरच चालत होतो. म्हणून सकाळी होडीतून आत शिरायचं असेल तर एकादशी गाठायची. पायी बघायचं असेल तर चतुर्थी, म्हणजे नऊच्या सुमारास चिखल उघडा. पक्षी काय घड्याळ बघून येत नाहीत. चिखल उघडला की पंगत वाढली, की ते येतात.

आता रान की शेत. चोडण, दिवाडी, सगळी तिसवाडी म्हणजे खाजनं. नदीच्या खाऱ्या पाण्यातून माणसाने बांध घालून काढलेली जमीन. हे पोर्तुगीजांनी केलं असं काही लोक अजून लिहितात, ते खोटं. त्यांनी गोवा घेतला १५१० ला आणि १५२६ च्या फोराल कायद्यात गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे, रिवाज लिहून घेतले. लिहून घेतले, म्हणजे ते आधीपासून होते. बांध बघायचा कोणी, डागडुजीचा खर्च उचलायचा कोणी, हे सगळं गावकरी ठरवत असे. बांध चिखलाचा, नदीच्या अंगाला दगड लावलेला. मध्ये मानस. मानस म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी त्याला बाहेरून ढकलतं तेव्हा ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. आत कोरगूट भात, कारण ते थोडं खारं सोसतं. पाऊस वरचं मीठ धुऊन काढायचा आणि मग पेरणी.

ह्यात तिवरं कुठे? बांधाच्या बाहेर. मुद्दाम राखलेली. नदीची लाट आधी तिवरांवर फुटते, मग उरलीसुरली बांधाला लागते. माझी आजी चुलीला तिवराची सुकी काटकी आणायची, पण बांधाकडच्या ओळीला कोयता लावू द्यायची नाही. तेव्हा दुर्बीणवाले भाऊ, नदीकाठचा तो पट्टा जुना आहे हे खरं.

पण तीच तिवरं बांधाच्या आत दिसली तर समजायचं की कोणाचंतरी शेत गेलं. सासरे बोलले ते हेच, आणि तेही खरं. आमचं स्वतःचं गेलं. मी फेरीवर लागलो त्याच्या आदल्या पावसात बांधाला भगदाड पडलं, हातभर रुंद. पहिल्या आठवड्यात चार माणसं आणि गवताचे भारे लागले असते. पण कूळ म्हणे मालकाने करावं, मालक म्हणे कुळाने करावं, आणि मानशीत कोळंबी पकडणाऱ्याला तर खारं पाणी आत आलेलंच बरं. तीन वर्षांत आत गुडघ्याएवढी रोपं. आज तिथे माझ्या डोक्याच्या वर दोन पुरुष झाडं आहेत. बापूय, माझा बाप, जाईपर्यंत त्या बाजूला कधी फिरकला नाही.

बांध फुटायला बार्जीही कारण. खाणीचा माल घेऊन मांडवीतून बार्जी खाली जायच्या, एकीमागून एक. आम्ही फेरी धक्क्यावर धरून ठेवायचो आणि मोजायचो. प्रत्येकीची लाट दोन्ही काठांना जाऊन लागायची. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या नोकरीतली शेवटची काही वर्षं पाणी इतकं शांत की झोप यायची. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी घरी बसलो होतो.

अभयारण्य झालं १९८८ ला. सलीम अली १९८७ ला वारले, पुढच्याच वर्षी त्यांचं नाव दिलं. आकार १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचं पश्चिमेचं टोक तेवढं. बाकी चोडणात माणसं राहतात, बेकरी आहे, फुटबॉलचं मैदान आहे. लोक फेरीतून उतरतात, डाव्या हाताला गेटात शिरतात, फोटो काढतात आणि पुढच्या फेरीने परत. माशेल गावचा देव देवकीकृष्ण मुळात आमच्या चोडणचा. बाटाबाटीच्या काळात देव आधी मयेला गेला, तिथून माशेलला. आषाढात माशेलला चिखलकाला खेळतात तेव्हा मला दर वेळी वाटतं की हा चिखल आमचा.

मेर्शीची_सून

काका, कालनिर्णय काढून पाहिलं. माघी पौर्णिमा! घरात सगळे हसतायत. सासरे तुमचं लिहिणं दोनदा वाचून घेऊन म्हणाले, "विचार त्याला, मगरी आहेत की नाहीत." लेकीला घेऊन होडीत बसायचं म्हणजे मलाही जरा धाकधूक वाटते.

फेरीवरचा_चोडणकार

आहेत. आम्ही मानगें म्हणतो. जास्त करून कुंभारजुवेच्या कालव्यात, चिखलावर ऊन खात पडलेली. मी फेरीवरून ३१ वर्षांत दोनदा पाहिलं असेल. होडीवाल्याच्या जवळ बसवायचं, हात पाण्यात घालू द्यायचा नाही, एवढं पुरे. फोंड्याकडे दुर्भाट, आडपईला पौष अमावस्येला चिखलाचं मानगें करून पुजतात, खाजनाच्या राखणीसाठी. ज्याची भीती त्यालाच राखणदार नेमायचं, ही आमची पद्धत.

मगरीपेक्षा गेव्याला जपा. ह्या रानात गेव्याचं झाड असतं. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. मुलांना पानं तोडू देऊ नका.

खाजनवाला

चोडणकारांनी छान लिहिलंय, पण पुढचं कोणी बोलत नाही. माझं खाजन जुवारी नदीच्या बाजूला आहे. बांध फुटला, तिवरं आली. आता बांध नीट करून शेत परत काढू म्हटलं तर तिवराला हात लावायचा नाही, कायदा आड येतो. किनारी नियमन अधिसूचनेत, २०११ च्या, खाजनं राखा असंही म्हटलंय आणि खाजनाजवळची तिवरंही राखा असंही म्हटलंय. दोन्ही एकाच जागी असली तर काय करायचं? शहरातली माणसं रविवारी येऊन "काय हिरवं आहे!" म्हणतात. त्या हिरव्याखाली माझी नऊ खंडी भाताची जमीन आहे.

दुर्बीणवाला_पर्वरी

मग काय, सगळी कापून टाकायची? पणजीत पूर येतो तेव्हा कळेल.

फेरीवरचा_चोडणकार

भांडू नका. पणजीहून रायबंदरला येताना पाट्टोच्या रस्त्यावर जरा सावकाश या. १६३३-३४ ला लिन्यारिश नावाच्या पोर्तुगीज विजरईने दलदलीतून बांधला तो, तीन किलोमीटरच्या वर. डाव्या हाताला मांडवी, उजवीकडे मिठागरं. ज्या चौकोनात अजून मीठ काढतात तिथे एक झाड नाही. ज्यात काढायचं सोडलं तिथे तिवरं. पाण्याची दारं कोण सांभाळतंय आणि कोण नाही, ते गाडीत बसून दिसतं.

खाजनवाल्यांचं दुखणं माझंच आहे, म्हणून मी त्यांना चूक म्हणणार नाही. पण आमच्या शेतातली कापा असं आज मलाच म्हणवत नाही. चाळीस वर्षं झाली. मुळांत मासळीची पिल्लं वाढतात, मुलगा तिथेच कुर्ल्या पकडतो. कापायची वेळ तेव्हाची होती, रोपं गुडघ्याला होती तेव्हा. खरी वेळ तर त्याआधीची, भगदाड हातभर होतं तेव्हाची. ज्यांचे बांध अजून उभे आहेत त्यांचे तरी सरकारने आणि कोमुनिदादीने (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) आत्ता बघावेत. गेलेल्या शेताबद्दल मी वाद घालत नाही.

मेर्शीची_सून

जाऊन आलो! संकष्टीला. लेकीची शाळा बुडवली. उपास होता म्हणून डोशांत वेळ गेला नाही, आठ वाजता फेरीत. नऊला आत पोचलो तर जागा ओळखू येईना. पाणी गायब, आणि चिखलातून हजारो पेन्सिली वर आलेल्या. त्या तिवराच्या मुळ्या, श्वास घ्यायला वर येतात म्हणे. वास मात्र भयंकर. लेक म्हणाली, "आई, कोणी अंडं फोडलं?" चिखलात हवा नसते, त्यात जे जिवाणू असतात ते तो वायू सोडतात, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

निवट्या पाहिल्या. मासे चिखलावर चालतात आणि चिडले की पाठीवरचा पर उभारतात, हे मला ह्या वयात कळलं. एक खेकडा, एक नांगी त्याच्या अंगाएवढी, ती नुसती हलवत बसलेला. लेकीने अर्धा तास त्याला टाटा केलं. खंड्या तीन. जांभळा एक, दुर्बीणवाले दादा, मी शप्पथ घेते.

आणि सासरे. त्यांनी वाकून खाली लोंबणाऱ्या एका तिवराच्या पानावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग लेकीला चाखवलं. मीठ! झाड पानातून मीठ बाहेर टाकतं. ते म्हणाले, लहानपणी गुरं राखताना चाखायचो. कुठल्या खाजनात, ते काही सांगितलं नाही.

एक प्रश्न राहिला. धक्क्याजवळ पाण्यावर एक हिरवी लांब शेंग तरंगत होती, वीतभर. लेकीने ती उचलून बाटलीत घालून घरी आणली. आता ती रोज विचारते, लावायची कशी?

फेरीवरचा_चोडणकार

ती कांदळाची, खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाची. झाडावर असतानाच रुजते, म्हणून शेंगेसारखी दिसते. अभयारण्यातून काही उचलायचं नाही हे पोरीला सांगून ठेव, ही वाहून आलेली म्हणून चाललं. बाटली काढ. जुनी बादली घे, खाली भोक पाडू नको, त्यात चिखल आणि वर चार बोटं पाणी. घरचं गोडं पाणी चालतं, मीठ घालायची गरज नाही. निमुळतं टोक खाली, ज्या टोकाला कोंब आहे ते वर. चिखलात एक तृतीयांश खुपस, जास्त नको. पहिली दोन पानं यायला वेळ लागतो, पोरीला म्हणावं रोज उपटून बघायचं नाही.