'सॉरी बिझनेस'ला मराठीत काय म्हणायचं?

लाल_माती: ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला डायलिसिस नर्स आहे. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय. इथल्या मूलनिवासी लोकांत कुणी गेलं की सगळे 'सॉरी बिझनेस'ला जातात, शेकडो किलोमीटर लांब, परत कधी येणार ते नक्की नाही, डायलिसिस बुडलं तरी जातात. मी 'सुतक' लिहिलं, संपादक काकांनी खोडून 'दुखवटा' केलं. कोण बरोबर?

वाड्यावरचा: काका. आमच्याकडे दहाव्याला पाहुणे टॉवेल-टोपी, लुगडं घेऊन येतात तो दुखवटा, म्हणजे माणसं जमणं आलंच. सुतकात उलट घरचेच बाजूला बसतात.

टिंब_टिंब: दुखवटा म्हटलं की झेंडा अर्ध्यावर आणि शाळेला सुट्टी. पण सॉरी म्हणजे माफी ना? २००८ ला पंतप्रधान केविन रडनी संसदेत मागितली ती. 'क्षमाकार्य' करा.

लाल_माती: नाही हो, ती सॉरी वेगळी, ती सरकारने आईबापांपासून तोडून नेलेल्या मूलनिवासी पोरांबद्दल. काही बाळं तर हॉस्पिटलमधूनच नेली, १९९७ च्या मानवाधिकार आयोगाच्या अहवालात आहे, म्हणून जुन्या बायका अजून आमच्या दारात बिचकतात. ही सॉरी दुःखाची. गेलेल्याचं नावसुद्धा घेत नाहीत. एकदा रिसेप्शनवरून चारदा नाव पुकारलं, बाई समोरच बसलेल्या, उठेचनात. शेवटी शेजारची हळूच म्हणाली, 'कुमनजाई म्हण.' त्यांच्याच नावाचं कुणीतरी वारलेलं, तेव्हापासून हेच बदली नाव. तोवर फाइलवर 'आल्या नाहीत' लिहून मोकळे!

शुद्धमती: बिझनेसला 'कार्य' चपखल आहे. 'उत्तरकार्य' तयार शब्द असताना इंग्रजी कशाला?

वाड्यावरचा: उत्तरकार्याला भटजी लागतो ताई, तिथे कुठून आणायचा?

धातुपाठ: मुळात सुतक जन्माचं! सू म्हणजे प्रसवणे, त्यावरूनच प्रसूती, सुईण. संस्कृतात सूतक हे बाळंतपणाचं अशौच, मराठीत ते मरणाकडे सरकलं आणि जन्माला सोयर उरलं.

टिंब_टिंब: काहीही. सोयर सोयऱ्यावरून आलंय.

शुद्धमती: आमची कोकणातली आजी सोयर म्हणायचीच नाही, 'वृद्धी आलीय' म्हणायची.

लाल_माती: अहो, अंक शुक्रवारी छपाईला जातोय...

धातुपाठ: थांबा, सोयऱ्याचा संबंध कसा नाही ते सांगतो आधी.