मदत हवी आहे: इंग्रजी साहित्यात बीए झाल्यावर एमए की थेट नोकरी?

बीएचं शेवटचं वर्ष चालू आहे. टेक्निकल रायटिंग (सॉफ्टवेअर वगैरे कसं वापरायचं ते समजावणारं लेखन), परभाषकांना इंग्रजी शिकवणं आणि एमए असे तीन पर्याय डोक्यात आहेत. कशासाठी काय तयारी लागते? निबंधांखेरीज दाखवायला हातात काहीच नाही.

प्रतिसाद १
टेक्निकल रायटिंगसाठी एमएची गरज नाही, आपल्या लेखनाचे नमुने लागतात. चांगले तीन पुरतात: एक कृती सांगणारा, एक संकल्पना समजावणारा, एक संदर्भासाठीचा तक्ता. डिटा या तांत्रिक दस्तऐवजांच्या मानकातही मजकुराचे हेच तीन मूळ प्रकार आहेत.

सुरुवात कृतीपासून करा. एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या आणि ते इन्स्टॉल कसं करायचं ते लिहा. एका पायरीत एकच काम. अट आधी, काम नंतर. ‘डिलीट दाबा, पण त्याआधी बॅकअप घेतलेला असावा’ असं लिहिलंत तर वाचणारा ‘पण’पर्यंत पोचायच्या आत डिलीट दाबून मोकळा होतो. प्रत्येक महत्त्वाच्या पायरीखाली स्क्रीनवर काय दिसायला हवं ते एका ओळीत द्या. मग ज्या मशीनवर ते सॉफ्टवेअर कधीच नव्हतं तिथे आपल्याच पायऱ्या शब्दशः पाळून बघा. हटकून गळते ती अ‍ॅडमिनच्या परवानगीची पायरी, नाहीतर आधीपासून असायला हवं असं दुसरं सॉफ्टवेअर.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना नडते ती शब्दांची विविधता. निबंधात एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून आपण धडपडतो. इथे एकाच चौकटीला कधी ‘विंडो’, कधी ‘पॅनेल’ म्हटलंत तर वाचणारा दुसरी चौकट शोधत बसतो. जोडीला मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) आणि गिट (फायलींमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिकून घ्या.

धागाकर्ता
हे फार उपयोगी आहे. शिकवण्याबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद २
केंब्रिजचा सेल्टा बघा, परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे. किमान १२० तासांचा कोर्स, पूर्णवेळ केला तर साधारण ४ ते ५ आठवडे. त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक ते पाहून मूल्यमापन करतात. दुसरा कुठलाही कोर्स निवडताना हीच गोष्ट आधी तपासा. प्रत्यक्ष शिकवणं नसलेलं प्रमाणपत्र बऱ्याच संस्था मोजतच नाहीत.

तयारी व्याकरणाची करा. ‘आय सॉ’ आणि ‘आय हॅव सीन’ यांतला फरक परिभाषा न वापरता, दोन उदाहरणांत सांगता आला पाहिजे. मुलाखतीत असंच विचारतात.

प्रतिसाद ३
संशोधनाकडे किंवा कॉलेजात शिकवण्याकडे जायचं असेल तरच एमए करा, ‘पुढे बघू’ म्हणून नको. परदेशी अर्जात लेखनाचा नमुना मागतात, आणि तोच सर्वांत जास्त बोलतो. लांबलचक प्रबंध कापून छोटा करू नका, कापताना युक्तिवादाचे दुवे तुटतात. एकच प्रकरण घ्या आणि मुद्दा पहिल्या पानावर आणा. पानांची मर्यादा तंतोतंत पाळा.

हेतुपत्रातून (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ काढा. कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे आणि तो त्याच विभागात का, एवढं लिहा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दीड महिना आधी सांगा, सोबत त्यांनीच तपासलेला आपला निबंध द्या. त्यावरून त्यांना नेमकं लिहिता येतं.

जुन्या मार्गदर्शकांत जीआरई या परदेशी प्रवेशासाठीच्या परीक्षेतल्या इंग्रजी साहित्य विषय-परीक्षेचा उल्लेख सापडेल. ती २०२१ मध्ये बंद झाली, तिच्यात वेळ घालवू नका. आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचे गुण सहसा २ वर्षंच धरतात, त्यामुळे ती परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका.