बाबांची पल्स ४४-४६, पोटॅशियम ५.८ : तपासणीबद्दल मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे आहेत, आम्ही नंदनवनला राहतो. ऊन तापायला लागल्यापासून त्यांना फार थकवा आहे, जिना चढला की बसून घेतात. घरच्या मशीनवर बीपी ठीक, पण पल्स ४४ ते ४६. चक्कर नाही, छातीत दुखत नाही. धंतोलीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. सायनस ब्रॅडीकार्डिया आहे (ठोके नेहमीच्याच जागेतून निघतात, पण मंद), हृदयातल्या विद्युत मार्गात ब्लॉक नाही म्हणाले. मेटोप्रोलॉलचा (ठोके मंद करणारं बीटा ब्लॉकर औषध) डोस निम्मा केला आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लिहून दिलं. होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) त्यानंतर.

लॅबवाले घरी येऊन रक्त घेऊन गेले. टीएसएच ३.१, म्हणजे थायरॉइडचा प्रश्न दिसत नाही. क्रिएटिनिन १.४. आणि पोटॅशियम ५.८! खाली बारीक अक्षरात ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो, एवढं कळलं. पण बाबा बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात, त्यानेही पोटॅशियम वाढतं. शिवाय आई रोज नारळपाणी देते, आणि स्वयंपाकात कमी सोडियमचं मीठ आहे, त्यात तर पोटॅशियम क्लोराइडच असतं. त्यामुळे आकडा खोटाच असेल असं मानून बसायची हिंमत होत नाही. डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळीच पुन्हा तपासा, तोवर टेल्मिसार्टन आणि नारळपाणी बंद, असं सांगितलं. मीठही बदललंय.

आता माझे प्रश्न. रक्त घेतल्या ठिकाणीच लगेच मशीनवर लावतात अशी लॅब नंदनवन-सक्करदरा भागात कुठे आहे? मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) सकाळी किती वेळ लागतो? रक्त देताना मूठ आवळत राहू नये, पट्टा फार वेळ बांधू नये, याशिवाय काय सांभाळायचं?

दुसरं, काचबिंदूसाठी बाबा टिमोलॉलचे थेंब घालतात. तोही मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकरच, आणि डोळ्यातून रक्तात उतरतो. हे थेंब डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेले, हृदयाच्या डॉक्टरांच्या कागदावर त्यांचा उल्लेखच नाही. उद्या मी सांगणारच आहे. पण कुणाच्या घरी थेंब बदलल्यावर पल्स वर आली आहे का? किती दिवसांत?

लॅबवाले ‘हार्ट पॅकेज’ घ्या म्हणून मागे लागलेत. कोलेस्टेरॉलवरून ठोके का मंदावले ते कळणार नाही, म्हणून मी नाही म्हणणार आहे. यात काही चुकत असेल तर आज रात्रीच सांगा, सकाळी ७ला निघतोय.