नुकताच पाहिलेला सिनेमा, आणि शेजारच्या खुर्चीत कोण होतं?

सिनेमा कसा वाटला हे सगळेच विचारतात. मला जरा वेगळं विचारायचंय. कुणाबरोबर पाहिलात? गोष्ट सांगू नका, तारे देऊ नका, ज्याला पाहायचंय तो पाहील. सिनेमा चालू असताना बाजूला काय चाललं होतं ते सांगा.

सुरुवात मीच करते. 'स्थळ' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर. सुरुवातीलाच तो उलटा प्रसंग आहे, मुलाला बसवलंय आणि बायका त्याला एकेक प्रश्न विचारतायत. आम्ही खिदळलो. मग खरं पाहणं सुरू होतं. तेच स्टूल, तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, शिक्षण किती, आणि ते पुन्हा पुन्हा. तिसऱ्या वेळेपर्यंत आमचं हसू आटलं होतं, तरी बाहेर आल्यावर गप्पा झाल्या त्या "काय मस्त दाखवलंय" छापाच्या. जयंत सोमलकरांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या स्वतःच्या गावी, डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमा केला, टोरांटोत बक्षीस मिळालं, वगैरे.

दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले. ती पहिल्या प्रसंगालाही हसली नाही. परत येताना रिक्षात म्हणाली, "मला आठ जणांनी पाहिलं होतं. सातव्याच्या आत्याने चालून दाखवायला लावलं."

"आणि बाबा?"

"ते नववे. त्यांनी काहीच विचारलं नाही. पोहे परत मागितले."

चौतीस वर्षांची झाले, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आता तुमचं येऊ द्या.

* * *

मी विदर्भातल्या वणीची. 'स्थळ'मधली बोली ऐकून आधी पाच मिनिटं मला काही सुचलंच नाही. पडद्यावर आमच्यासारखं बोलणारं माणूस एक तर गडी असते नाहीतर विनोदाले असते, इथं अख्खा सिनेमाच तसा बोलते.

पण मला सांगायचंय ते वडिलांबद्दल. तुम्हा सगळ्यांना त्यात मुलगी पाहणं दिसलं. माझ्या बाबांना फक्त कापूस दिसला. नायिका सविताचे वडील भाव वाढायची वाट पाहतात, त्यावर लग्नाचं सगळं गणित अडकलेलं, तिथं बाबा खुर्चीत पुढं सरकून बसले. हळू आवाजात म्हणाले, "व्यापारी असाच करते. सांगते एक, काट्यावर देते दुसराच." मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शुक् केलं. बाबांनी मागं वळून त्यांनाच विचारलं, "तुमच्याकडं काय भाव चाललाय?"

घरी आल्यावर आईनं विचारलं, कसा होता? म्हणे, "बरोबर दाखवलंय. कापूस घरात ठेवायला नको होता त्यानं."

* * *

आमच्याकडे 'स्थळ' एकाच पडद्यावर लागला होता, दुपारी सव्वाबाराला, कामाच्या दिवशी. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर शो रद्द. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही दोघंच आहात." शेवटी घरी लॅपटॉपवर पाहिला. शेजारच्या खुर्चीत इस्त्रीचे कपडे होते.

* * *

'दशावतार'बद्दल इथे कुणीतरी लिहील म्हणून थांबलो होतो. मीच लिहितो.

मूळ कुडाळ तालुका, हल्ली डोंबिवली. माझे मामा तीस वर्षं दशावतारी कंपनीत पेटीवर होते. जत्रेला रात्री उशिरा नाटक सुरू व्हायचं, आधी गणपती, मग संकासुराचा धिंगाणा, मग आख्यान, आणि संपायला पहाट. लिहिलेली संहिता नाहीच. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोणाचं काय काम, एवढं ठरलं की संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर घडवायचे. समोरच्याने अडचणीचा प्रश्न टाकला की तिथल्या तिथे उत्तर. मामा म्हणतात, पेटीवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं कोण कुठे अडकणार आहे.

तर मामांना घेऊन गेलो. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. सिनेमातले दशावतारी नट बाबुली मेस्त्री झालेले दिलीप प्रभावळकर स्वतः एक्क्याऐंशीचे, आणि बाबुलीची नजर जात चाललेली. रंग लावण्याचा प्रसंग आला तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं. दशावतारी आपला रंग आपणच लावतो, मेकअपमन नसतो. पडद्यावर बोट कपाळावरून खाली उतरताना मामांचं बोट माझ्या मनगटावर तसंच फिरत होतं. त्यांना ते कळत नव्हतं. मी हात काढला नाही.

माझं मत विचाराल तर पूर्वार्ध अव्वल. बापलेकाचं नातं, ती घरं, ती मालवणी. मध्यंतरानंतर मात्र मला जड गेलं. सूड, वेग, पार्श्वसंगीताचा दणदणाट. बाहेर आल्यावर मामांना तसं म्हणालो.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, आख्यानात युद्ध नको? पहाटेक लोक जागे कशे रवतले?"

बोलणंच खुंटलं. शाळेत असताना मी त्याच युद्धासाठी रात्रभर डोळे ताणून बसायचो, हे मी कसा विसरलो कुणास ठाऊक.

* * *

मामांशी सहमत नाही. युद्धाला हरकत नाही, लांबीला आहे. पण प्रभावळकरांसाठी पुन्हा जाईन.

* * *

जुना सिनेमा चालेल ना? नुकताच पाहिलाय एवढी अट आहे, आणि मी नुकताच पुन्हा पाहिला. 'कोर्ट'.

मी पंचवीस वर्षं वकिली करतोय. चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा आला तेव्हा वकिलांच्या बाररूममध्ये आमच्यात दोन तट पडले होते. एक म्हणे कंटाळवाणा, दुसरा म्हणे कंटाळवाणा आहे म्हणूनच खरा. मी दुसऱ्या तटातला. साक्षीदार काहीतरी लांबलचक बोलतो, न्यायाधीश ते ऐकून आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, आणि रेकॉर्डवर जातं ते त्यांचं वाक्य. साक्षीदाराचा चेहरा, त्याची चाचरणारी जीभ, सगळं त्या टकटकीत गडप. हे मी रोज पाहतो आणि रोज विसरतो. सिनेमात कॅमेरा हलतच नाही, त्यामुळे विसरता येत नाही. सिनेमातले आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार 2021 मध्ये कोविडने गेले. ते खरोखरच चळवळीतले कार्यकर्ते होते, त्यामुळे त्यांना त्या आरोपीच्या पिंजऱ्यात पाहताना आता जास्तच टोचतं.

या खेपेला शेजारी बायको होती. लग्नाला बावीस वर्षं, पण तिने कोर्ट आतून कधी पाहिलेलं नाही. अर्ध्या तासाने म्हणाली, "तुम्ही दिवसभर हेच करता?"

मी म्हटलं, हो.

"आणि दमून येता?"

पुढे तो भाग आला. सरकारी वकीलबाई लोकलने घरी येतात, वाटेत मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात आणि घरचे टीव्ही बघत बसतात. गीतांजली कुलकर्णींनी त्यात काहीही 'करून' दाखवलेलं नाही, फक्त काम उरकलंय. बायकोने सिनेमा थांबवला. रिमोट खाली ठेवला. काही बोलली नाही, माझ्याकडे पाहिलं फक्त. सध्या आमच्याकडे रात्रीचा भात मी लावतो. अजून पाण्याचा अंदाज येत नाही.

* * *

वकीलसाहेब, दीड भांडं पाणी. जुना तांदूळ असेल तर दोन.

* * *

एडिसन, न्यू जर्सी. आमच्याकडे मराठी सिनेमा लागतो तो एखाद्या रविवारी, मंडळाने पडदा भाड्याने घेतला तर. पाहणाऱ्यांपेक्षा भेटणारे जास्त, आणि मध्यंतरात बटाटेवडा. त्यामुळे जे खरंच पाहायचं असतं ते मी घरीच पाहते.

मागच्या महिन्यात मुलाला 'किल्ला' दाखवला. तो अकरा वर्षांचा. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी टेक्ससहून इथे आलो, आणि सिनेमातला चिन्मय पुण्याहून आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, म्हणून मुद्दाम निवडला होता. मनात म्हटलं, बघेल आणि बोलेल. तर हा सोफ्यावर उलटा लोळलेला, मोबाइल हातात.

मग किल्ल्यावरचा प्रसंग. मित्र पुढे पळून जातात, हा आत एकटा राहतो, वर पाऊस. मोबाइल खाली आला.

"त्यांनी त्याला मुद्दाम सोडलं?"

मी म्हटलं, मुद्दाम नसेल रे, घाबरले असतील.

"मग नंतर सांगितलं का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. अविनाश अरुण स्वतः छायाचित्रणकार, त्यामुळे ते पावसाळी कोकण इतकं ओलं दिसतं की मला माझं आजोळ आठवून रडायला येत होतं, आणि याचं लक्ष मात्र फक्त त्या न मागितलेल्या माफीकडे. सिनेमा संपल्यावर त्याने स्कूलबसमधली एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षीची. ती इथे लिहीत नाही, त्याची आहे. पण सांगितली पूर्ण मराठीत.

* * *

मी त्र्यंबकेश्वरजवळच्या एका शाळेत शिकवतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, आणि आमच्या सातवीच्या पोरांना फाळके म्हणजे सामान्यज्ञानातला एक गुण. म्हणून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवायचं ठरवलं. पडदा म्हणून चादर, खिडक्यांना खताच्या गोण्या, आवाजाला गणपतीतला स्पीकर.

मी समजत होतो, बायकांची कामं करायला निघालेले पुरुष मिशा काढायला नकार देतात तिथे पोरं लोळतील. तर शांतता. मग लक्षात आलं, वडील हयात असताना मिशी काढत नाहीत हेच त्यांना ठाऊक नाही. थांबवून सांगावं लागलं. तेव्हा कुठे एक जण म्हणाला, "सर, म्हणजे माझ्या दादाला तर आजोबांनी घराबाहेरच काढलं असतं!" आणि मग जे हसायला लागले ते थांबेनात. तारामतीचं काम केलेले साळुंके आधी हॉटेलात आचारी होते आणि पुढे 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच झाले, हे सांगितल्यावर तर वर्ग माझ्या हातातून गेलाच.

पण पोरांच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. फाळके वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपतात आणि पडद्यावर ते रोप भराभर वाढतं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीत दह्याच्या डब्यात वाटाणा. माझा मोबाइल, रोज मधल्या सुट्टीत एक फोटो, डबा हलू नये म्हणून खाली खडूने आखलेलं गोल. तेराव्या दिवशी उंदराने रोप खाल्लं. पोरांनी तो रिकामा डबाही टिपला. सगळे फोटो जोडून पाहिले तर जेमतेम दोन सेकंदांचा सिनेमा. रोप वर येतं, वाकतं, नाहीसं होतं. त्यांनी तो किमान चाळीस वेळा पाहिला असेल.

* * *

परळ. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आईबरोबर पाहिला. तिने एका इस्पितळात आया म्हणून नोकरी केली, आता घरी असते. माहेर रत्नागिरीकडचं.

मी तिला फ्रान्समधला कान महोत्सव, तिथलं ग्राँ प्री बक्षीस, दिग्दर्शिका पायल कपाडिया, सगळं वाटेत सांगून झालं होतं. तिने ऐकून घेतलं. मल्याळी नर्सेसचं बोलणं तिला वाचावं लागत होतं आणि खालच्या अक्षरांचा वेग तिला झेपत नव्हता, म्हणून मी कानाशी सांगत होतो. थोड्या वेळाने म्हणाली, "तू गप्प रहा, मला समजतंय." नवरा असतो त्या जर्मनीहून आलेला तो लाल कुकर नर्स प्रभा कवटाळते तिथे तिला काहीच सांगावं लागलं नाही.

छाया कदमांची पार्वती आली आणि आई खुर्चीत सावरून बसली. इस्पितळात स्वयंपाक करणारी, कागदपत्रं नाहीत म्हणून राहतं घर जाऊ घातलेलं, शेवटी गावी परत निघणारी. आईचा एकच आक्षेप. "एवढ्या वर्षांचं सामान एवढंसं कसं असेल तिचं? भांडी कुठायत?"

आमच्याकडे माळ्यावर पितळी भांड्यांची दोन पोती आहेत. गावी न्यायची म्हणून ठेवलेली. मी शाळेत असल्यापासून.

* * *

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं.

'साबर बोंडं' मी आधी एकट्याने पाहिला. मुंबईतला आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला गावी जातो, तिथे लहानपणचा मित्र भेटतो. रोहन कानवडे यांचा पहिलाच मोठा सिनेमा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च बक्षीस. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, पण मला हलवलं ते त्या सुतकाने. काय घालायचं, काय खायचं, कुठे बसायचं, सगळ्याला नियम, आणि त्या नियमांच्या मधल्या फटीत बसलेली दोन माणसं. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. ते दहा दिवस मीही असेच काढलेत, फक्त फोनवर कुजबुजत.

दुसऱ्या वेळेस आईला घेऊन गेलो. काही न सांगता. सिनेमातल्या आईला मुलाचं सगळं माहीत असतं, ते आल्यावर मी शेजारी पाहायचं टाळलं. तिची पिशवी मांडीवर होती आणि तिचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

बाहेर पडल्यावर बसस्टॉपपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या बांधावर पण होती ही निवडुंगाची बोंडं. आधी मातीत घोळून काटे काढायचे. बारीक कूस असते, जिभेला लागली की दोन दिवस जात नाही. तोंड लालभडक व्हायचं, आईला चोरी कळायची."

बस आली. चढताना माझ्या दंडाचा आधार घेतला, बसली, पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"तुझा तो पुण्याचा मित्र," म्हणाली, "दिवाळीला एकटाच असतो का?"